छगन पाववाल्याची घंटी

भिंगारच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत राहणाऱ्या छगन पाववाल्याला दोन कामं होती. एक पोटाचं, दुसरं फुकटचं. पोटाचं म्हणजे पहाटे बेकरीतून पाव, बटर, खारी पत्र्याच्या पेटीत भरायची, पेटी सायकलच्या कॅरिअरला आवळायची आणि पाथर्डी रस्त्यावरच्या वाड्यावस्त्या फिरायच्या. फुकटचं म्हणजे लोकांना नकोशी झालेली मांजरं जाता जाता ओढ्यापलीकडे सोडायची.

मांजर मारायचं पाप कुणालाच नको असतं. आपल्या हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्यांच्या घरात नाकातल्या चमकीपुरतंही सोनं नाही, त्यांनी मांजर घडवायचं कशातून? तेव्हा मारायचं नाही, नुसतं सोडायचं. पुढे ते उपाशी मरो की कुत्री फाडोत, ते त्याचं नशीब. पापातून पळवाट काढायला बसला की माणूस फार हुशार होतो.

सोडायची रीत ठरलेली होती. मांजर गोणीत घालायचं, तोंड सुतळीनं बांधायचं आणि ओढा ओलांडला की गोणीला सात गरके द्यायचे, म्हणजे ते दिशा विसरतं. इतर लोक दोन-तीन गरके देऊन कंटाळायचे आणि चौथ्या दिवशी मांजर पुन्हा चुलीपाशी हजर. छगन मोजून सात द्यायचा. त्याच्या हातचं मांजर कधी परत आलं नाही, असं बायका कौतुकानं सांगायच्या आणि छगनची छाती फुगायची. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती ह्या फुगलेल्या छातीची.

बहात्तर सालचा तो दुष्काळ. दिवाळीच्या सुमाराला समोरच्या खोलीतली बनुबाई भाचीच्या बाळंतपणाला राहुरीला गेली. बनुबाई एकटी बाई. नवरा लष्कराच्या बागेत माळी होता, तो वारल्याला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. होती ती मैना नावाची राखी रंगाची मांजर, डाव्या कानाची कड तुटलेली. बनुबाई भाकरी थापताना तिच्याशी बोलायची, कालवणात मीठ जास्त झालं तर तिलाच दोष द्यायची. जाताना तिनं मैनेला शेजारच्या विजयमालेवर सोपवलं. रोज एक भाकरीचा तुकडा टाक, बाकी ती गुणाची आहे, असं बजावून गेली.

त्या साली दूध औषधाला मिळत नव्हतं. विजयमालेचं तान्हं पोर वरच्या दुधावर होतं आणि गुणाच्या मैनेनं दोनदा पातेलं चाटून साफ केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी विजयमाला गोणी घेऊनच दारात उभी.

"छगनभाऊ, येवढी न्या. लेकराच्या तोंडचं दूध पिती."

गोणीच्या भोकातून राखी केस दिसत होते. हे मांजर कुणाचं, हे छगनला पुरतं ठाऊक होतं. एका शब्दानं विचारलं असतं, की मावशी आल्यावर काय सांगायचं, तरी विजयमाला ओशाळली असती आणि गोणी सुटली असती. छगननं विचारलं नाही. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. शिवाय आपल्याशिवाय हे काम कुणाला जमत नाही, हा तोराही होताच. त्यानं गोणी हँडलला अडकवली, घंटीच्या अगदी शेजारी. त्याची घंटी वाड्यांवर लांबून ओळखू यायची, दोनदा तुटक आणि एकदा लांब. त्या दिवशीही तो प्रत्येक वस्तीवर ती वाजवत गेला. गोणी आधी धडपडली, मग ओरडली, मग गप्प झाली. ओढ्यापलीकडे त्यानं मोजून सात गरके दिले.

पंधरा दिवसांनी बनुबाई आली. विजयमालेनं सांगितलं, गेली कुठंतरी, मांजराची जात. बनुबाईनं ते ऐकून घेतलं आणि वाटीत भाकरी कुस्करून, वाटीवर चमचा वाजवत ती रोज संध्याकाळी गल्लीच्या दोन्ही टोकांना हाका मारत फिरायला लागली. छगन पेटी धूत अंगणात बसलेला असायचा.

"छगन, तू लांब लांब फिरतोस. कुठं दिसली तर ध्यान ठिव."

"ठिवतो की मावशी."

दुसऱ्या दिवशी ती विचारायची, दिसली का? तो म्हणायचा, न्हाई. हे तीन महिने चाललं. एवढं रोजचं, एवढं सोपं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. पुढे पुढे त्याला पाणी पितानासुद्धा त्या वाटीवर चमचा वाजल्याचा भास व्हायला लागला. बायको म्हणाली, तुम्हाला काय झालंय? तो म्हणाला, ऊन लागलंय.

त्याच रस्त्याला एक पांजरपोळ होता. दुष्काळामुळे तो सोडून दिलेल्या गुरांनी गच्च भरलेला. छगन उरलेले शिळे पाव तिथं गुरांना टाकून यायचा. महाशिवरात्रीच्या आसपास तिथला राखणदार रंगनाथ त्याला म्हणाला,

"चाऱ्याच्या गंजीमागं एक मांजर येऊन ऱ्हायलंय. उंदीर धरत न्हाई, मानसाला बघितलं की थरथरतं. मुनीम म्हनतो, गोनीत घालून लांब सोड. मला काय धजवंना. हिला लई सबुरीचं घर पायजे."

छगन गंजीमागं वाकला. अंधारात दोन डोळे आणि एक तुटका कान. हाडांवर नुसतं कातडं राहिलं होतं.

"आत्ता तर बाहेर बसली हुती," रंगनाथ म्हणाला. "तुमी आला आन् आत पळाली."

ती मैनाच होती. तरी अजून तो सुधारला नव्हता. मैना सापडली, ती बनुबाईला द्यावी, हे कुणालाही सुचलं असतं, त्यालाही सुचलं. पण मग सांगावं लागणार. इथं कशी आली, कुणी आणली. तीन महिने रोज काय सांगत होतास. त्यापेक्षा हिला दुसरं चांगलं घर बघून द्यावं, म्हणजे आपलंही पाप फिटेल आणि तोंडही लपेल, असा हिशेब त्यानं मांडला. रंगनाथकडून आठ दिवसांची मुदत घेतली, घर ठरल्यावर कोंबड्यांचं एक डालगं मागून आणलं आणि मैनेला त्यात घातलं. गोणीला हात लावायची हिंमत त्याला झाली नाही.

सावेडीला तेव्हा माळरानावर एखाददुसरा बंगला उभा राहत होता. तिथं मार्तंड मास्तर नावाचे निवृत्त शिक्षक राहत. घरात दोनच माणसं, रेडिओसुद्धा हळू लावणारी. मास्तरांनी मैनेला कोठीची खोली दिली. छगन रोज वाट वाकडी करून चौकशीला जायचा, फाटकापाशी घंटी वाजवायचा. नवव्या दिवशी मास्तरांनीच डालगं बाहेर आणून ठेवलं.

"सकाळी जरा बाहेर येते, दोन घास खाते. मग काय होतं कळत नाही, फडताळामागे जाते ती जातेच. काल हिला फेफरं आल्यासारखं झालं. आमच्या दारात जीव गेला तर आम्हाला ते सोसायचं नाही, छगन."

मग गोधड्या शिवणारी मालनबाई झाली. तिच्याकडे पाच दिवस. तीच तऱ्हा. छगन रोज सकाळी विचारायला हजर, आणि मांजर रोज सकाळी चिंध्यांच्या ढिगात गडप. मालनबाईनं कळवळून सांगितलं, हिच्या मनात काहीतरी बसलंय, मला ते काढता येत नाही.

आता उरलं ते एकच घर. छगन डालगं स्वतःच्या पडवीत ठेवून बनुबाईच्या दारात गेला. तिथंही आधी त्यानं चोरवाटच धरली.

"मावशी, पांजरपोळात एक मांजर हाय. लई भेदरलंय. ठिवती का?"

बनुबाई ज्वारी निवडत होती. "दुसरं मांजर नको रं. मैना आली म्हंजी तिला कुठं ठिवू?"

चार महिने झाले, ही बाई अजून जागा राखून बसली होती. तो उंबऱ्यावर खाली बसला.

"मावशी, ती मैनाच हाय. मीच नेली हुती."

मग त्यानं सगळं सांगितलं. विजयमालेवर ढकलायचा मोह झाला, पण तेवढं तरी त्यानं केलं नाही. गोणी दिली तिनं, पण कुणाची ते ठाऊक असून नेली मी, असं तो म्हणाला. बनुबाईचा हात सुपात तसाच राहिला.

"किती गरके दिले?"

"सात."

"मोजून?"

"व्हय."

छगनला वाटलं, हिनं शिव्या घालाव्यात, सूप फेकून मारावं. ती नुसती म्हणाली, "आन जा तिला."

डालग्याचं तोंड उघडलं तेव्हा बनुबाईनं दोन्ही हात पुढं केले. मैना तिच्याकडं न बघता ट्रंकेच्या मागं शिरली. बनुबाईचे हात तसेच राहिले. ते बघून छगन घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. आपण मांजर तर नेलंच, पण तिच्या मनातली बनुबाईसुद्धा पुसून टाकली, असं त्याला वाटलं.

बनुबाईला मात्र घाई नव्हती. ती ट्रंकेकडं पाठ करून बसायची. ज्वारी निवडायची, वाती वळायची, आणि पूर्वीसारखी बोलत राहायची. मीठ जास्त झालं की ट्रंकेला दोष द्यायची. वाटी ठेवून बाहेर जायची. सहाव्या दिवशी वाटी रिकामी. आठव्या दिवशी पाठीमागं चाटल्याचा आवाज आला आणि तिनं वळून बघितलं नाही. अकराव्या दिवशी मैना तिच्या लुगड्याच्या काठाशी येऊन बसली. विजयमालाही दबक्या पावलांनी पेलाभर दूध ठेवून गेली.

बाराव्या दिवशी सकाळी छगन बेकरीतून भरलेली पेटी घेऊन गल्लीत आला. दोनदा तुटक, एकदा लांब. घंटी वाजायची थांबली तोच बनुबाई डोक्यावरचा पदरही न सावरता बाहेर आली आणि तिनं सायकलचं हँडल धरलं.

"आता माझ्या हातावरचं खात हुती," ती म्हणाली. तिच्या मनगटावर ताजा ओरखडा होता. "तुझी घंटी वाजली आन् गेली ट्रंकेमागं. काल बी असंच. परवा बी. मी बारा दिस बघती. माझ्या घरात गोनपाट हातरलेलं हाय, त्यावर ती बसती. गोनीला न्हाई भीत ती, छगन. तुला भिती."

छगनला एकदम मास्तरांचं फाटक आठवलं, मालनबाईचं दार आठवलं. गंजीपाशी उभा राहिलेला रंगनाथ आठवला. सबुरीची घरं काय थोडी मिळाली होती का तिला. प्रत्येक घरात तिचं भय घेऊन रोज सकाळी तोच तर जात होता, आणि वर आपण किती काळजी घेतो म्हणून मनाशी सुखावत होता.

त्यानं तिथंच पाना काढून घंटी सोडवली. दुसऱ्या दिवशी बिनघंटीची सायकल हातात धरून, चपला काढून तो गल्लीत आला. पेटीचं झाकण जरासं खडखडलं आणि बनुबाईच्या खोलीत वाटी लवंडल्याचा आवाज झाला. तो तसाच मागं फिरला. त्यानंतर त्यानं गल्लीत पेटी आणली नाही. मागच्या बोळातून रिकाम्या हातानं घरी जायचा, आणि पाव हवे असतील त्यांनी कोपऱ्यावरच्या लिंबाखाली यायचं, असं त्यानं जाहीर केलं. बायका कुरकुरल्या. गोण्या घेऊन दोघीतिघी आल्या, त्यांना त्यानं हात जोडले. एकीनं विचारलं, आता सोन्याचं मांजर आमी करायचं का? छगन म्हणाला, नका करू, पाळा.

चैत्रात बनुबाई स्वतः लिंबाखाली आली. तिच्या चोळीच्या बाहीला राखी केस चिकटले होते. छगननं तिला दोन पाव दिले. त्या केसांकडं त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

"खाती का?" त्यानं विचारलं. नाव घ्यायचं धाडस झालं नाही.

"खाती. मांडीवर निजती." बनुबाईनं पाव पदरात घेतले. "तुला बघायची आसंल."

"व्हय."

"मी इसरले, छगन. खरंच इसरले. तुझ्यावर माझा राग न्हाई." ती दोन पावलं गेली आणि थांबली. "पन ती न्हाई इसरली. तवा तू हितंच ऱ्हा."

छगननं मान हलवली आणि बनुबाई घरात पोचेपर्यंत पेटीचं झाकण हातानं दाबून धरलं.