बंद घराचा मीटर

अरे, हे पत्र घेऊन जरा निवांत बस बरं. फोनवर "मावशी, नुसता गॅस आहे गं" म्हणून तू मला गप्प केलंस, म्हणून हे लिहायला घेतलंय. जिना चढताना छातीवर ओझं येतं, थांबलं की जातं, आणि तू गोळ्या चघळत बसतोस? शहाणा आहेस की कोण? हाच गॅस आमच्याकडे चांगला मुक्काम ठोकून गेलाय.

तुझे काका रेल्वेत गार्ड होते. जन्मभर मोजकं बोलले. घरातही हिरवा झेंडा नाहीतर लाल, मधलं काही नाही. रिटायर झाल्यावर आम्ही जयपूरलाच राहिलो, प्रताप नगरात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तर गेल्या दिवाळीनंतर या माणसाला एकाएकी शेजाऱ्यांचा लळा लागला. पहिल्या मजल्यावर थांबून तिथल्या भाभींच्या तुळशीची चौकशी. दुसऱ्यावर विजेच्या मीटरचे आकडे वाचत उभे. भाभी मला म्हणाल्या, "भाईसाहब तो बड़े मिलनसार हो गए!" मी खूश. मतलब, चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते या जिन्याने केलं! तुझ्या आईलाही मी कौतुकाने फोन करून सांगितलं होतं.

मग जानेवारीतली ती सकाळ. अंगावर दोन स्वेटर चढवून मी दूध आणायला निघाले, तर हे दुसऱ्या मजल्यावर मीटरसमोर. कपाळावर घाम, एका हाताने दुसरा हात दाबत.

"काय वाचताय?"

"युनिटं. फार वीज जाळतात ही माणसं."

"अहो, ते घर सहा महिन्यांपासून बंद आहे!"

मीटरचा आकडा हलत नव्हता, आणि हेही हलत नव्हते.

"काल कचोरी बाधली गं. ओवा दे जरा."

त्या दिवशी मी ओवा दिला नाही. भाभींच्या यजमानांना गाडी काढायला लावली. तर ह्यांचा एकच हट्ट, कपाटातली फाइल घे. धावत वर गेले, आणली. दवाखान्यात ह्यांनी त्यातून काय काढावं? रेल्वेचं जुनं मेडिकल सर्टिफिकेट! "फिट आहे मी. सही-शिक्का आहे."

डॉक्टर हसले. "काग़ज़ फिट है, अंकलजी. आप लेटिए."

कार्डिओग्राम चालू असताना प्रश्न सुरू झाले. तंबाखू? "नाही." मी म्हटलं, "रोज दोन पुड्या." शुगर? "थोडीशी." "दहा वर्षं गोळ्या आहेत, मी आठवण करून दिली तर." वडिलांना काही होतं? "छे."

"अहो, मामंजी पन्नाशीत छातीत दुखून गेले की!"

"त्यांनाही गॅसच होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ह्यांना आत नेलं तेव्हा ती फाइल माझ्या मांडीवर होती. मनात एकच, हा माणूस कधी बोलत नाही म्हणून मी जन्मभर भांडले. बोलायला लागला तर पेढे वाटायची राहिले होते, आणि तो बिचारा दम खात होता. आता पुन्हा मुका झाला तरी चालेल, पण घरी येऊ दे.

आला. दोन नळ्या तुंबल्या होत्या, जाळ्या बसल्या. तंबाखू सुटली, कचोरी फक्त वासापुरती उरली. आता हे जिना सावकाश, पण न थांबता चढतात. तोंडातून चकार शब्द नाही. भाभी विचारतात, "भाईसाहब हमसे नाराज़ हैं क्या?"

म्हणून सांगते, तुझी सिगरेट, तुझ्या बाबांची बायपास, हे सगळं डॉक्टरला खरं खरं सांग. उद्याच जा. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर ओवा नाही, सोडा नाही, मला फोनसुद्धा नाही. थेट दवाखाना गाठ.

रिपोर्ट हातात आले की मात्र इकडेच ये. मी वर कठड्याशी उभी राहणार आहे. भाभींनाही सांगून ठेवलंय, भाचा तुळशीबद्दल विचारू लागला तर उत्तर देऊ नका, आधी मला हाक मारा. ये रे लवकर.