पाण्यावरच्या बाजारात, आईबरोबर

कॅनडाने माझ्या आईला दोनदा नाही म्हटलं, म्हणून मी तिच्याबरोबर थायलंडचं फ्लोटिंग मार्केट पाहिलं. नाहीतर मला त्या बाजाराचं काही कौतुक नव्हतं. मला आई हवी होती, आणि तीही माझ्या बेसमेंटमधल्या टेबलाशी, चहा पीत, खिडकीतून फक्त शेजाऱ्यांच्या गाडीची चाकं दिसतात म्हणून मला नावं ठेवणारी.

मी लंडनला राहते. ओंटारियोतलं लंडन. नागपूरच्या माझ्या मावशीला हे दर दिवाळीला नव्याने सांगावं लागतं. कॉलेज संपवून एका केअर होममध्ये नोकरीला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते, केस विंचरते, सूप भरवते. त्यासाठी या देशाला मी चालते. माझी स्वतःची आई सहा आठवडे येते म्हणाली तर तिच्याबद्दल मात्र संशय. मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही, असं पत्र आलं. पहिल्यांदा तेच, दुसऱ्यांदा तेच. सही करणाऱ्याने आईला पाहिलं नाही, तिच्याशी एक वाक्य बोलला नाही. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईच्या उत्तरावर फुली मारली आणि उत्तर कुठे चुकलं ते सांगितलंच नाही.

आम्ही काही जण मिळून पत्रकं काढतो. भाडेकरूंसाठी, विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांचे आईवडील असे दाराबाहेर राहिलेत त्यांच्यासाठी. युनिव्हर्सिटीच्या बसस्टॉपवर उणे पंधरात उभं राहून मी ती वाटली आहेत. पत्रक कसं लिहायचं ते मला येतं. म्हणून आईच्या दोन्ही अर्जांबरोबरचं पत्र मीच फोनवर सांगितलं, तिने कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. माझं घर, माझी पेन्शन, माझी माणसं सगळी नागपुरात आहेत. मुलीकडे मी फक्त पाहुणी म्हणून जाईन. तिथे राहण्याची माझी अजिबात इच्छा नाही. आईचं अक्षर फळ्यावरच्यासारखं, सरळ रेषेत, एकही खाडाखोड नाही.

दुसरा नकार आल्यावर आठ दिवस ती त्या विषयावर बोलली नाही. नवव्या दिवशी तिचा फोन आला की तिने एका टूर कंपनीत थायलंडचं बुकिंग केलंय. व्हिसाच लागत नाही म्हणे. कॅनडासाठी घेतलेली मोठी बॅग माळ्यावर टाकायला तिचा जीव होत नव्हता. तुला जमलं तर ये, म्हणाली. मीच नागपूरला येते म्हटलं, तर नको म्हणाली. नागपूरला आलीस की सगळं गणगोत तुला बघायला येतं आणि मी आपली स्वयंपाकघरात. मला तू मिळतच नाहीस.

त्या वेळी माझ्यापुढे एकच गोष्ट होती. मार्चमध्ये माझं वर्क परमिट संपणार होतं. त्यानंतर पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकणं धोक्याचं. म्हणजे त्यानंतर भेट व्हायची तर आईनेच यायला हवं होतं, आणि आईने यायचं तर तिसरा अर्ज. आता नाही, म्हणाली होती ती फोनवर, दोनदा. समोर बसले की ऐकेल असं मला वाटत होतं. नव्या पत्राचा मजकूर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी बँकॉकला उतरले.

मराठी टूरमध्ये तुम्ही कधी गेला नसाल तर सांगते, तिथे दोन माणसांना एकत्र बसून बोलता येत नाही. पहाटे साडेपाचला खोलीत फोन वाजतो. सहाला चहा, साडेसहाला नाश्ता, सातला बस. डोक्यावर सगळ्यांच्या एकाच नारिंगी रंगाच्या टोप्या. मी परस्पर बँकॉकहून सामील झालेली, म्हणून माझं नाव 'जॉइनिंग गेस्ट'. टूर मॅनेजर, ज्यांना सत्तरीचे आजोबासुद्धा 'सर' म्हणत होते, दर थांब्यावर डोकी मोजायचे आणि शेवटी म्हणायचे, "आणि आपल्या जॉइनिंग गेस्ट?" पहिले दोन दिवस देवळं आणि बागा बघण्यात गेले. रात्री आई जेवून आली की पाच मिनिटांत झोपायची. तिसऱ्या दिवशी फ्लोटिंग मार्केट. चौथ्या दिवशी माझं विमान.

बाजार बँकॉकपासून दोन तासांवर. बसमध्ये फोल्डर काढावा असं मी ठरवलं होतं. पण बस सुटली आणि सरांनी माइक फिरवायला सुरुवात केली. ओळख परेड. उभं राहायचं, नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि मुलं कुठे आहेत ते सांगायचं. कुणाला सांगावं लागलं नाही, पण मुलांचं सगळ्यांनी सांगितलंच. एक न्यू जर्सी, एक जर्मनी, एकाचा कॅनडात रेजिनाला, एकाचा तिथेच व्हिटबीला. व्हिटबीवाल्याचे आईवडील आमच्या पुढच्या सीटवर, ठाण्याचे. काकांनी माइकवर घराचं वर्णन केलं, चार बेडरूम, मागे अंगण. काकू खालून म्हणाल्या, "फोटोत बघितलंय. आत कुठे जाऊन आलोय आपण?" बस हसली. मी हसले नाही. मी विचारलं, का नाही गेलात? तर व्हिसा रिफ्यूज झाला. त्यांचाही.

मग माइक आईकडे आला. तिने नाव सांगितलं, नागपूर सांगितलं, शाळा सांगितली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, ही माझी मुलगी, ती आजच्या दिवस माझ्याकडे आहे.

मी माइक घेतला. आता वाटतं, तो तसाच मागे द्यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दोन वर्षं जे साठलं होतं ते बाहेर आलं. मी विचारलं, या बसमध्ये किती जणांना मुलांकडे जायला व्हिसा नाकारला गेलाय? आधी काकूंचा हात वर झाला. मग मागून एक, मग आणखी दोन. एका गृहस्थांनी बायकोचा हात धरून वर केला. मी बोलत सुटले. आपण पाहुणे म्हणून जातो आणि पाहुण्यासारखे परत येतो, मग आपल्यावर अविश्वास का, वगैरे. आमच्या पत्रकातलं वाक्य होतं ते, मीच लिहिलेलं. टाळ्या पडल्या. सरांनी गोड हसून माइक काढून घेतला आणि सांगितलं की आता आपण थोडं आनंदी विषयाकडे वळूया, अंताक्षरी. आई खिडकीबाहेर बघत होती. मिठागरं लागली होती.

बाजारात पंचेचाळीस मिनिटं मिळाली. थाई गाइड मुलगी छत्री उंच धरून "चला, चला, लवकर" म्हणत होती, तेवढं मराठी तिला पक्कं येत होतं. अरुंद कालवा, दोन्ही बाजूंना लाकडी फलाट, आणि पाण्यात होड्याच होड्या. कुणाच्या होडीत आंबे, कुणाच्या होडीत शेगडीवर नूडल्स उकळतायत, कुणी काठीला आकडा लावून लोकांना आपल्या होडीकडे ओढून घेतंय. वाफ, डिझेल, केळी तळल्याचा वास. सुंदर होतं का? होतं. आपल्याचसाठी मांडून ठेवलेलं होतं, हेही दिसत होतं.

पण मी फलाटावरच अडकले. रेजिनावाल्या मुलाचे वडील आले, त्यांनी फोनमधलं पत्र दाखवलं. मग हात वर झालेल्या त्या बाई आल्या. कुठे लिहायचं, कुणाला भेटायचं, पुन्हा अप्लाय केलं तर चालतं का? मी प्रत्येकाला नीट सांगितलं. मला ते येतं, आणि कुणीतरी सांगायलाच हवं. वीस मिनिटं गेली. वर पाहिलं तर आई एकटीच पायरीवर उभी. हातात नारळाच्या करवंटीतलं आइस्क्रीम, त्यात दोन चमचे. माझा भाग वितळून पाणी झाला होता.

होडीत सहा जण बसतात. काका-काकू पुढे, आम्ही दोघी मागे, उरलेल्या दोन जागांवर सगळ्यांच्या पिशव्या. वल्हवणारी बाई आईच्याच वयाची, डोक्यावर गवताची मोठी टोपी. काकूंनी बसल्याबसल्या टूरने दिलेली पाकिटं उघडली, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. शेजारच्या होडीतली नूडल्सवाली आमच्याकडे वाडगा पुढे करत होती आणि काकू तिला पुरी पुढे करत होत्या. तिने घेतली, खाल्ली, मान डोलावली. काका म्हणाले, घे, हिने इथेही एक सून शोधली.

मी फोल्डर काढला. आईला म्हटलं, या वेळी मजकूर वेगळा आहे, अजून पक्का आहे, तू फक्त तुझ्या अक्षरात लिहून दे. तिने चष्मा लावला. माझं पान तिने वहीसारखं तपासलं, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग मिटलं.

"नाही लिहिणार गं मी."

मी चिडले. म्हटलं, एका माणसाच्या मूर्खपणापुढे तू हार मानतेस. लढायचं सोडून द्यायला तूच मला शिकवलंस का? आवाज चढला असणार, काकूंनी पुरी अर्धवट धरून मागे पाहिलं आणि काकांनी त्यांचा खांदा धरून त्यांना पुढे वळवलं.

आई हळू आवाजात बोलली, वर्गात पहिल्या बाकाला ऐकू जाईल इतक्याच. "मला तुझ्यापाशी राहायचं नाही, असं तू मला दोनदा लिहायला लावलंस. दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा हात चालत नाही."

मी म्हटलं, अगं, ती नुसती लिहायची पद्धत आहे, सगळे तसंच लिहितात.

"सगळे लिहीत असतील. मी मात्र खोटं लिहिलं होतं." मग म्हणाली, "त्या साहेबाला कळलं. तुला नाही कळलं."

वल्हं पाण्यात पडत होतं. समोरून दुसरी होडी आली, आमच्या बाईने वल्हं आडवं धरून आमची होडी बाजूला घेतली, दोन्ही होड्यांचे काठ एकमेकांना घासून गेले. आईने हात आत घे म्हणून माझं मनगट ओढलं. ओढलं आणि सोडलं नाही. गेली चार वर्षं मी सगळीकडे सांगत फिरते की आमचे आईवडील परत जातात, त्यांना तुमच्या देशात राहायचं नाही, त्यांची घरं आहेत, कुंड्या आहेत, भिशी आहे. हे सगळं खरं आहे. आणि माझ्या आईला तरीही राहायचं होतं. तिने ते मला एकदाही सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिला मजकूर सांगत होते.

होडी धक्क्याला लागेपर्यंत मी तिला एवढंच विचारलं, किती दिवस राहिली असतीस? ती म्हणाली, "तू कंटाळेपर्यंत." मग काकूंना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, हिच्या हातचा वरणभात दोन दिवस खाल्ला की आपणच कंटाळू म्हणा. काकू खळखळून हसल्या. वर छत्री हलत होती, चला, चला. सरांनी डोकी मोजली.

बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि यावेळी झोपली नाही. दोन तास आम्ही बोललो. कशावर, ते आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल, आणि सांगितलं तर ते फक्त आमचं राहणार नाही. तिसरा अर्ज केला नाही.

लंडनला परत आल्यावर नव्या पत्रकाची बैठक झाली. पाहुण्यासारखे परत येण्याच्या त्या जुन्या वाक्यावर आले आणि मी म्हटलं, हे काढा. असं लिहा की आमच्या आईवडिलांना आमच्याजवळ राहावंसं वाटतं आणि वाटणं हा गुन्हा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, डोकं फिरलंय का, हे वाचून आहेत तेही व्हिसे बंद करतील. त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या आईचा व्हिसाचा अर्ज पुढच्या महिन्यात जाणार होता. जुनंच वाक्य छापलं गेलं. मी ते वाटलं. पत्रक हातात देताना मी लोकांच्या डोळ्यांत बघते, तशी माझी सवय आहे. त्या दिवशी नाही बघितलं.

मार्च उलटून गेला. परमिट वाढवायचा अर्ज दिलाय, पीआरची फाइल कुठे आहे कुणालाच माहीत नाही, आणि मी या देशाच्या आत बसून आहे. कामावर एक आजी आहेत, त्यांची मुलगी इथेच वीस मिनिटांवर राहते आणि महिन्यातून एकदा येते. त्या मुलीचा मला आधी राग यायचा. आता मी तिला खुर्ची ओढून देते आणि बाहेर येऊन खोलीचं दार लावून घेते.

आई दर रविवारी माझ्या सकाळी फोन करते. व्हिसा हा शब्द ती काढत नाही, मीही नाही. गेल्या रविवारी भाज्यांचे भाव झाले, मावशीचा गुडघा झाला, आणि मग ती म्हणाली, तुझ्या त्या बेसमेंटमध्ये दोन माणसं मावतील का गं?

मी म्हटलं, मावतील.

"नीट बघून सांग. मला पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपायला लागतं."

मी फोन घेऊन उठले, पलंग भिंतीपासून किती लांब आहे ते पावलांनी मोजलं आणि तिला सांगितलं.