वरचीचा डबा

रिकाम्या भांड्याला इतकं घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाल, माकड, सोलापूरचा मे महिना, कशालाही ती भ्यायली नाही. पण शेजारणीचा डबा रिकामा परत जातोय म्हटलं की हिच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि ही भीती तिच्या मनात घातली मीच.

ती आमच्या वरच्या खोलीत दहा महिने राहिली. नाव होतं तिला, चांगलं लांबलचक, पण गल्लीत कुणाच्याच जिभेला ते वळलं नाही, म्हणून ती सगळ्यांची 'वरची' झाली. देश एस्टोनिया. मी नकाशात शोधला, तर सापडल्याबरोबर बोटाखाली अख्खा झाकला गेला. तिथं ती पीएच.डी. करत होती आणि आमच्याकडच्या विणकर घरांतल्या बायका तेलुगू आणि मराठी एकमेकींत कशा कालवतात, हे शिकायला इतक्या लांबून आली होती. मुलगा पुण्याला गेल्यापासून खोली बंद होती आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन भिंतींशी बोलत होते. तीस वर्षं मी लोकांचं बोलणं जोडून दिलं. आता लोकांचं बोलणं ऐकणं हाच जिचा उद्योग, अशी पोरगी घरात आली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आली तेव्हा तिचं मराठी फार शुद्ध होतं. "आपली अनुमती असल्यास मी पादत्राणे येथे ठेवू का?" असं तिनं दारात विचारलं आणि मी गांगरून "ठेवावीत" म्हणाले. आमच्या गल्लीनं तीन महिन्यांत ते सगळं धुऊन काढलं. मी पिशवी घेऊन निघाले की जिन्यावरून हाक यायची, "काकू, लई ऊन हाय की ओ, कुटं चाललाव?" भाजीवाला आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग भाव कमी करायचा.

समोरच्या नरसव्वा विणकर घरातल्याच, घरी बसून विड्या वळतात. वरची रोज त्यांच्या उंबऱ्यात रेकॉर्डर घेऊन बसायची. रेकॉर्डर चालू झाला की नरसव्वा झेंडावंदनाला उभ्या राहिल्यासारख्या बोलायच्या, "आमचे पूर्वज अत्यंत कष्टाळू होते." बंद केला की खरं बोलणं सुरू, रागावणं तेलुगूत आणि हसणं मराठीत. शेवटी वरचीनं विडी वळायलाच शिकायचं ठरवलं. दोघींचे हात गुंतले की रेकॉर्डरचा विसर पडेल, हा हिशेब. युक्ती लागू पडली. तिच्या विड्यांबद्दल मात्र नरसव्वांचं मत स्पष्ट होतं. "हिनं वळल्याली विडी वडली तर मानूस येसनच सोडंल की!" म्हणायच्या, आणि वरची खाली मान घालून ते वाक्यही वहीत उतरवायची.

आता डब्याचं. आली त्या दिवशी मी तिला थालीपीठ दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं डबा लख्ख घासून परत आणला. मी सहज म्हटलं, "अगं, आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकावी." झालं! तिनं वही काढली, तारीख घातली, खाली दोन रेघा मारल्या. त्या दिवसापासून या बाईनं आयुष्यात एक रिकामा डबा परत केला नाही. स्वयंपाक येत नव्हता, म्हणून आधी माझ्या डब्यातून मेणबत्ती आली, मग तिच्या आजीनं विणलेले लोकरीचे पायमोजे आले. सोलापुरात लोकरीचे पायमोजे! मी ते एकदा घातलेसुद्धा, तिच्यासमोर, पंखा लावून.

मग तिला सोपा मार्ग सापडला. एकीनं दिलेलं दुसरीच्या डब्यात घालायचं. मी तिला शेंगाची चटणी दिली. तिनं ती नरसव्वांच्या डब्यातून त्यांना पोचवली. नरसव्वांनी त्यातली थोडी रिक्षावाल्यांच्या रझियाला दिली, रझियानं ती वरचीला, आणि चौथ्या दिवशी माझा डबा माझ्याकडे आला, आत माझीच चटणी. मी लसूण सालासकट कुटते, ओळखणार कशी नाही? वर हिची शिफारस, "काकू, चव बघा. लई भारी हाय." मी खाल्ली आणि म्हटलं, "व्हय गं, छान कुटलीय कुणीतरी."

जायच्या आधी महिनाभर तिनं स्वतःचा एक स्टीलचा डबा घेतला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात हे तिनं पाहिलं होतं. पण तिचं लांबलचक नाव काही झाकणावर मावेना, तेव्हा तिनंच दुकानदाराला सांगितलं, "नुसतं वरची घाला." तो डबा घेऊन निघायच्या दिवशी सकाळी ती खाली आली. आत तिच्या देशातला काळा पाव होता, आमच्या ज्वारीच्या पिठाचा, तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः केलेला. सुरी चालेना. मी चहात बुडवून बुडवून सगळा खाल्ला, आणि ती समोर बसून बघत राहिली.

डबा घासून त्यात चटणी भरायला मी उठले, तर तिनं हात धरला. "आत्ता नको काकू. डबा तुमच्याकडे राहू द्या. पुढच्या डिसेंबरात परत येणार की मी. तेव्हा घेते. आणि रिकामा घेणार न्हाय हं!"

दर रविवारी तिचा फोन यायचा. दिवसभर रेकॉर्डर कानाला लावून आमच्या गल्लीचं बोलणं लिहून काढते म्हणायची. एकदा सांगत होती, "नरसव्वांच्या बोलण्यामागं तुमचा खलबत्ता ऐकू येतो काकू. तेवढाच भाग मी परत परत लावते." मग फोन महिन्यातून एकदा येऊ लागले. डिसेंबरही आला. दुसऱ्या फेरीचे पैसे मंजूर झाले नव्हते. आहे त्याच सामग्रीवर प्रबंध पुरा कर, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. "मग येणार कधी?" मी विचारलं. "बघू, काकू," ती म्हणाली. हे 'बघू' ती आमच्याकडूनच शिकली. ते आपण कधी म्हणतो हे मला ठाऊक आहे आणि तिलाही.

तिची फार आठवण येते. वरची खोली भाड्यानं द्यायची का, असं दोघं-तिघं विचारून गेले. मीही त्यांना "बघू" म्हटलं.

डबा स्वयंपाकघरात खालच्या फळीवर आहे, हाताशी येईल असा. दर पंधरा दिवसांनी मी त्यातली चटणी काढते आणि ताजी भरते. जुनी नरसव्वांकडे जाते. परवा खलबत्ता वाजताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "कुनासाठी कुटालाव काकू? ती काय आज येनार हाय?"

आज नसेल. पण ती कधीही दारात उभी राहिली, तर तिला डबा रिकामा मिळता कामा नये. घाबरते ती.