वॉकर जाईल एवढी वाट

वाती निम्म्याच वळून झाल्या होत्या. तेवढ्यात समोरच्या उत्तराताईंच्या दारात दौलतचा आवाज आला, म्हणून कापूस ताटातच ठेवून बाहेर गेले. दौलत म्हणजे आमच्या वर्तकनगरच्या कोपऱ्यावरचा फुलवाला.

"काकू, फुलपुडी बंद? माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही रे. तू कडीला पुडी अडकवतोस नि बेल न वाजवता जातोस. दिवसभर दुसरं कोण येतं माझ्याकडे?"

उत्तराताई पंच्याहत्तरीच्या. शाळेत शिकवायच्या. यजमान गेले, लेक परदेशी. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर आला, तरी रोज स्वतः जाऊन फुलं निवडायच्या. मग दौलतच्या अलीकडच्या चहावाल्या जागृतीने आपल्या टपरीपुढे फुटपाथभर टेबलं मांडली नि वॉकर जाईना. दौलतने बिचाऱ्याने पुडी घरी आणायला सुरुवात केली, आणि ताईंचं बाहेर पडणंच संपलं.

आज आम्ही दोघी निघालो. जागृती म्हणाली, "आजी, कशाला त्रास? चहापण घरपोच देते ना!"

"सगळं घरपोच येतं गं. माणूस तेवढं येत नाही."

तिने टेबलं भिंतीकडे सरकवली. ती पुन्हा पुढे येऊ नयेत म्हणून मी घरून रांगोळी आणली आणि मोकळ्या जागेत लक्ष्मीची पावलं काढली. पावलांवर टेबल कोण ठेवील?

कुणीच ठेवलं नाही. पण येणारे-जाणारेही फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरले. रिकाम्या फुटपाथवर वॉकर धरून उत्तराताई एकट्याच उभ्या.

"अगं, देवीच्या पावलांवर मी पाय कसा देऊ?"

मी ओशाळले. नमस्कार करून पावलं ओल्या फडक्याने टिपून घेतली, वॉकरचं माप धरलं आणि दोन्ही कडांना नुसत्या रेघा ओढल्या.

दौलतच्या टपरीचा कट्टा उंच. त्याने टोपली खाली स्टुलावर ठेवली. ताईंनी तगरीचं एकेक फूल हातात घेऊन पाहिलं. चांगला अर्धा तास. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. थांबून कुणी बोललं नाही.

परतताना ताई खुशीत म्हणाल्या, "आज तिघांनी मला 'आजी, जरा सरका' म्हटलं."

सकाळी झाडूवाली रेघा झाडून टाकील. उद्या अकरा वाजता उत्तराताई प्रभाग समितीच्या कचेरीत जाणार आहेत, फुटपाथवर पक्क्या रंगाच्या रेघा मारून द्याव्यात असा अर्ज द्यायला.