थांबून विचारणारा व्हिडिओ

किस्से जमवायचे म्हणून मी कधी जमवले नाहीत. पेपर तपासून डोळे चुरचुरायला लागले, की इंग्रजीच्या जगताप मॅडम चहा सांगतात आणि मग एकेक निघत जातं. गेल्या दोन वर्षांत तर शिकवलेलं कमी आणि सांगण्यासारखं जास्त झालंय!

मी वेल्ह्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पावसाळ्यात एसटी बंद पडली की निम्मा वर्ग घरी. म्हणून आमच्या प्राचार्यांनी काढलं, धड्यांचे व्हिडिओ करा. नुसते नाही, ‘इंटरॅक्टिव्ह’! म्हणजे दर तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबणार, प्रश्न विचारणार आणि उत्तराचं बटण दाबलं तरच पुढे सरकणार. रेकॉर्डिंग मी करायचं, प्रश्न मी घालायचे, आणि हे सगळं मुलांना कसं वाटलं याची मतंही मीच गोळा करायची. वय बावन्न. पाठ दुखते. पण नाही कुणाला म्हणणार?

पहिला व्हिडिओ पेशीवर होता. दुसऱ्या दिवशी अकरावीचा गणेश दारातच उभा.

“सर, तुमचा व्हिडिओ बिघडलाय.”

“काय झालं?”

“तिसऱ्या मिनिटाला अडकतो. आमी तिघांनी मोबाईल बंद करून परत चालू केला. चुलता तर रेंज बघायला पत्र्यावर चढला.”

“अरे, स्क्रीनवर प्रश्न आला होता ना?”

“व्हय की! आमाला वाटलं जाहिरात हाय. आमी ती घालवायची फुली शोधत हुतो!”

मग मी प्रत्येक भागाच्या शेवटी दोन बटणं टाकली. ‘समजलं’ आणि ‘नाही समजलं’. सगळ्या वर्गाने ‘समजलं’ दाबलं. एकानेही दुसरं दाबलं नाही! प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी माझी पाठ थोपटली, नेमकी दुखते तिथेच.

पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. निम्मे पेपर कोरे.

“अरे, तुम्हाला तर सगळं समजलं होतं!”

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, ‘नाही समजलं’ दाबलं की व्हिडिओ पहिल्यापासून सुरू हुतो. दिवसाचा डेटा तिथंच संपतो. न समजणं आमाला परवडत न्हाई!”

मी खडू उचलला आणि तो धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला.

बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज टाकायची कल्पना प्राचार्यांची. टाळ्या आणि त्यावर माझा आवाज, “शाबास! फार छान!” अश्विनी नावाची मुलगी सकाळच्या एसटीत बसून व्हिडिओ बघत होती. हेडफोन नाही. गाडी खड्ड्यांतून गचके खात चाललेली, आणि बरोबर एक मोठा खड्डा पार झाला तेव्हाच तिचं उत्तर बरोबर आलं. गाडीभर टाळ्या!

ड्रायव्हरने वळून विचारलं, “कोण म्हणलं शाबास?”

अश्विनीने घाबरून मोबाईल दप्तरात लपवला.

“घाबरू नको गं. इतकी वर्षं या रस्त्यानं गाडी काढतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणलं!”

वर्षाच्या शेवटी मतांचे फॉर्म भरून घेतले. ‘व्हिडिओतली कोणती सोय सर्वांत जास्त आवडली?’ प्रश्न? टाळ्या? चित्रं? मी बरीच आशा धरून गठ्ठा उघडला. पहिल्याच फॉर्मवर होतं, “सरांना थांबवता येतं.” दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्याने कारणही दिलं होतं, “वर्गात ते जमत नाही.”

जगताप मॅडमना ठसका लागला. मी गठ्ठा बांधून कपाटात ठेवला.

आता कविताचं सांगतो. पासली गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची चार-पाच घरं आहेत, तिथली ही. मुलगी हुशार. महिनाभर वर्गात दिसली नाही, पण प्रत्येक व्हिडिओची उत्तरं तिच्या नावावर यायची. आधी चुकत, मग बरोबर. मी प्राचार्यांना दाखवलं, बघा, घरी बसून पोरगी कशी शिकतेय!

व्हिडिओच्या शेवटी एक सोय होती. माइक दाबायचा आणि आपली शंका बोलायची. ती कुणी कधी वापरली नव्हती. एका दुपारी पहिलं रेकॉर्डिंग आलं, कविताच्या नावावर. आवाज मात्र तिचा नव्हता.

“सर, म्या कविताची आई. सातवीपतूर शिकलीया. उत्तरं म्याच देतीया. पोरीला तिच्या बानं कापूरहोळला मामाच्या ढाब्यावर भाकरी थापायला धाडलीया. नाव पटावरनं काढू नका. आन् जमलं तर येऊन जावा.”

जगताप मॅडम आणि मी शनिवारी चढून गेलो. वडील शेळ्यांना पाला टाकत होते.

“पोरगी शिकतीया की मोबाईलवर,” ते म्हणाले. “तुमीच म्हणला हुता, घरबसल्या हुतं. उत्तरं मिळत न्हाईत का तुमाला?”

“मिळतात,” मी म्हणालो. त्यांनी माझाच व्हिडिओ माझ्या तोंडावर मारला होता.

वडिलांनी आम्हाला घरामागच्या खडकावर बसवलं; रेंज तिथेच येते. कविताची आई चहा घेऊन तिथे आली. कप ठेवले, मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. तिसऱ्या मिनिटाला तो थांबला. हृदयाच्या कोणत्या कप्प्यातून सगळ्या शरीराला रक्त जातं?

“डावी जवनिका,” ती म्हणाली. पर्याय बघितलेसुद्धा नाहीत.

“ही कोण आता?” वडिलांनी विचारलं.

“काळजाचा कप्पा हाय त्यो. म्हयनाभर म्याच देतीया उत्तरं. पोरगी कुठं हाय, ते ह्यांना तुमीच सांगा.”

वडिलांनी मोबाईल हातात घेऊन तो थांबलेला प्रश्न बघितला. जगताप मॅडम काही बोलणार होत्या, मी त्यांचा हात दाबला. चहा गार झाला. शेवटी ते बायकोला म्हणाले, “मामाला फोन लाव.”

सोमवारी पहिल्या तासाला कविता हजर होती. मोबाईल घरीच ठेवून आलेली.

मधल्या सुट्टीत मी सहज यादी उघडली. नव्या व्हिडिओची उत्तरं तिच्या नावावर नुकतीच आली होती. सगळी बरोबर! खाली एक छोटं रेकॉर्डिंगही होतं.

“सर, जरा हळू बोलत चला. म्या लिवून घेतीया.”