न्हाणीघराची कडी

माझी शेजारीण वासंती मूळची दापोलीजवळच्या मुरुडची. लग्न होऊन ती रत्नागिरीत आली तेव्हापासून आमच्या न्हाणीघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत. मध्ये फक्त कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा. तिच्या घरात तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नाही. तिचे यजमान दत्तात्रेय बोलतात, ती वाढते. पण न्हाणीघराची कडी लावली की वासंती बोलू लागायची. आमटीत मीठ कमी नव्हतंच, नणंदेला त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवं होतं, सगळं ती घंगाळाला सांगायची. इकडे मला सगळं ऐकू यायचं, हे मी तिला कधी कळू दिलेलं नाही.

या उन्हाळ्यात तिच्या मुलाने, सलिलने, कॅनडातून पैसे पाठवून घरात बाथटब बसवायला सांगितलं. सुट्टीत आल्यावर त्याच्या मुलीला, उर्वीला, टबाशिवाय चालत नाही. धुण्याचा दगड निघाला, घंगाळ माळ्यावर गेलं. टबाची कड उंच आणि वासंतीचे गुडघे दुखरे, म्हणून दत्तात्रेयांनी नवा नियम केला. यापुढे तिने कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं.

"बाकी काही नको, कडी तेवढी राहू दे," ती मला म्हणाली. "तू सांग गो त्यांना. तुझं ऐकतात."

टब बसवायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. आमच्याकडच्या न्हाणीघरांना मोरीकडे चांगला उतार असतो, त्यामुळे टबाचा एक पाय अधांतरी राहत होता. राजाराम गवंड्याने पाय फिरवून वरखाली केले, तळाशी सिमेंटचा माल भरला आणि कडेवर पाणसळ ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला. आता माल आवळून घट्ट होईपर्यंत टबात वजन हवं होतं, नाहीतर तो कुठेतरी उचलला जाणार. एरवी राजाराम पाणी भरून ठेवतो, पण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं आणि टाकीनेही तळ गाठला होता. गोधडी अंथरून तांदळाची पोती ठेवा, असं मी सुचवलं. राजारामला ते पटलं. दत्तात्रेयांना नाही.

"पोतं कलंडतं," ते म्हणाले. "ही हलत नाही. बस गो. इतकी वर्षं जेवलीस, ते आज कामाला येऊ दे."

राजाराम हसला आणि मग खाली बघू लागला. वासंती लुगडं सावरत टबात उतरली आणि पाय पसरून बसली. मी कडीचा विषय तिथेच काढला.

"वहिनी, ही आत पडली तर दार कोण फोडणार? तुम्ही?" दत्तात्रेयांनी विचारलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

पुरुषमंडळी जेवायला गेली. आमटी कुठे आहे, ताक कुठे आहे, हे तिने टबातूनच सांगितलं. मी तिच्याजवळ उलटी बादली ठेवून बसले. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हांला ताठ बसायला लावत, तशी ती ताठ बसली होती. पाणसळ कडेवरच होती. बोलताना तिने जरा मान वळवली तरी तिची नजर त्या बुडबुड्याकडे जात होती.

"ऊठ," मी हळूच म्हटलं. "कलू दे कलला तर. वैतागून काढून टाकतील."

तिने दोन्ही हात कडेवर टेकले. अंग थोडं उचललंही. बुडबुडा सरकला. मी दाराकडे पाहिलं, कुणी येत नव्हतं. मग ती पुन्हा खाली बसली आणि बुडबुडा जागेवर आला.

"काढणार नाहीत गो. पुन्हा बसवतील," ती म्हणाली. "आणि पुन्हा मलाच बसवतील."

टब अगदी सरळ बसला. संध्याकाळी सलिलला फोनवर दाखवताना दत्तात्रेयांनी काठोकाठ भरलेली वाटी कडेवर ठेवली, थेंब सांडला नाही.

आता वासंती सकाळी पेपर वाचायच्या निमित्ताने माझ्याकडे येते आणि माझ्या न्हाणीघरात आंघोळ करते. कडी लावल्याचा आवाज आला की मी मुद्दाम लांब, अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहते. सुरुवातीला वाटलं, नवी जागा आहे, रुळली की बोलेल. पण खिडकीतून नुसता पाण्याचा आवाज येतो. परवा मी रेडिओही मोठा करून पाहिला, तिला वाटावं की इकडे काही ऐकू येत नाही. थोड्या वेळाने बंद केला.

आत पाणी पडत होतं.