नाश्त्यानंतरची गोळी

वजन उतरत होतं आणि बीपी चढत होतं. कित्येक आठवडे आमच्या घरात एवढी एकच बातमी होती.

नवरा रेल्वेत स्टेशन मास्तर. या लोकांची ठरावीक वर्षांनी तपासणी होते, तिला सगळे नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. मागच्या खेपेला त्याचं बीपी काठावर निघालं होतं. पुन्हा असंच निघालं तर पॅनेलवरून उठावं लागेल, असं तेव्हाच बजावून ठेवलं होतं. पॅनेल म्हणजे ज्या टेबलावरची बटणं दाबून तो गाड्यांना सिग्नल देतो ते. तिथून उठवलेला माणूस कुठल्या तरी कचेरीत फायली लावत बसतो. हा माणूस जेवताना घास थांबवून, आवाजावरून कुठली गाडी लेट आहे ते सांगतो. तो फायली लावतोय हे चित्र मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

मुलीने पुण्यात बसून त्याचं नाव एका ऑनलाइन कार्यक्रमात घातलं. जाडी आणि बीपी असलेल्यांसाठी. रोज सकाळी पडद्यावर एक हसतमुख बाई यायच्या. बाकी चौकोनांत आपल्यासारखेच सुटलेले जीव, सगळ्यांचे माइक बंद. बाईंनी बोलायचं, आपण ऐकायचं, काही विचारायचं तर खाली लिहायचं. पहिलाच हुकूम सुटला तो नाश्ता बंद, पहिलं जेवण दुपारी. नवऱ्याने तो असा पाळला की मला राग यावा. रविवारी पोहे केले तर बशीकडे ढुंकून बघेना. छापील नियम म्हटला की या माणसाच्या अंगात येतं.

पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. शेजारच्या गुजराती भाभी मुद्दाम येऊन कौतुक करून गेल्या. बाईंनी वर्गात त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. आणि घरातल्या मशीनवरचा वरचा आकडा प्रत्येक रविवारी थोडा थोडा वर सरकत होता.

बाईंचं उत्तर ठरलेलं, मीठ कमी करा, ताण घेऊ नका. मी पापड, लोणचं, नरपडहून येणारं सुकट, सगळं घराबाहेर काढलं. भाजी इतकी अळणी की मलाच घास उतरेना. आकडा काही उतरला नाही. मग मला दुसराच संशय आला. माझी शाळा उधव्याला, त्यामुळे मी भल्या पहाटे घर सोडते आणि त्याची सकाळ मला दिसत नाही. हा स्टेशनवर जाऊन वडे हाणत असणार, असं मी धरून चालले. तलासरीहून जीपमध्ये बसलं की डोक्यात तेच. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी स्टेशनबाहेरच्या वडेवाल्याला सरळ विचारलं. तो बिचारा म्हणाला, साहेब हल्ली चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात. ते नवऱ्याच्या कानावर गेलंच. पुढचे काही दिवस आमच्यात फक्त दूध आणि सिलिंडर यांवरच बोलणं झालं.

मेडिकल तोंडावर आलं. त्या रविवारी मीच जबरदस्तीने त्याला नरपडच्या किनाऱ्यावर चालायला नेलं. सुरूच्या झाडांखाली तो एकाएकी खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. होड्या दोन-दोन दिसताहेत, म्हणाला. रिक्षा करून डहाणूत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकदा मोजलं, परत मोजलं आणि विचारलं, गोळी कधी घेता?

“बंद आहे,” नवरा शांतपणे म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी नवऱ्याकडे. मागच्या मेडिकलनंतर डॉक्टरांनीच बीपीची गोळी सुरू केली होती, त्या जुन्या कागदावर ‘नाश्त्यानंतर’ असं लिहिलेलं होतं. नाश्ता बंद झाला, म्हणून याने गोळी बंद केली. तीही स्वतःच्या मनाने नाही. त्याने फोन काढून दाखवला. वर्गाच्या ग्रुपवर त्याने रीतसर विचारलं होतं, मॅडम, नाश्ता बंद आहे तर नाश्त्यानंतरची बीपीची गोळीपण बंद करायची का? खाली बाईंचा पिवळा अंगठा. तसाच अंगठा कुणाच्या सुप्रभातखाली, कुणाच्या ताटाच्या फोटोखाली, कुणाच्या ‘आज येणार नाही’खालीसुद्धा होता.

अर्धांग थोडक्यात टळलं, असं डॉक्टर म्हणाले. नव्या कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, सकाळी उठल्यावर, काही खा किंवा नका खाऊ. रिक्षात बसल्या बसल्या मी नवऱ्याला विचारलं.

“स्टेशनवर कुणी नुसता अंगठा दाखवला तर गाडी सोडाल का?”

“नाही,” म्हणाला. “तिथे नंबर घ्यावा लागतो.”

हे मला लग्नापासून पाठ आहे. दोन स्टेशन मास्तर फोनवर बोलतात, तेव्हा लाइन मोकळी आहे असं नुसतं सांगून भागत नाही. समोरचा एक गुप्त नंबर देतो, फोन करणारा तो परत म्हणून दाखवतो. त्याशिवाय ते बोलणं झालं असं धरतच नाहीत.

गोळीला अंगी लागायला वेळ मिळालाच नाही. मेडिकलला त्याला तूर्त अनफिट ठरवलं आणि महिनाभराने परत बोलावलं. तोवर कचेरी. संध्याकाळी येऊन मुकाट जेवायचा. बाहेरून गाडी धडधडत जायची आणि हा ताटातून मान वर करायचा नाही. मला रडू यायचं, ते मी भांड्यांच्या आवाजात लपवायचे.

त्याच दिवसांत एकदा मी उधव्याच्या जीपमध्ये असताना त्याचा फोन आला. “गोळी घेतली. नंबर दे.” मला वाटलं चिडवतोय. तोंडाला आले ते दोन आकडे मी सांगितले. त्याने ते परत म्हटले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते रोजचंच झालं. जीपमधल्या बायकांना वाटायचं, मास्तरीणबाई आकडा लावतात.

फेरतपासणी झाली. ऑर्डर येईल तेव्हा खरं, एवढंच तो म्हणाला. एका सकाळी फोन वाजला तेव्हा मी जीपमधून नुकतीच उतरले होते.

“पॅनेलवरून बोलतोय,” तो म्हणाला. मागे टेलिफोनच्या घंटा वाजत होत्या. “गोळी घेतली. नंबर दे.”

माझ्या तोंडून आकडाच फुटेना. शाळेच्या फाटकाशी मी फोन कानाला लावून नुसती उभी राहिले. तिकडे त्याच्या गाड्या खोळंबल्या असतील, तरी तो लाइनवर थांबला होता.